प्रभुभोजनाचे मनुके

आधी क्षमा मागतो. लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला अक्षरओळख नव्हती. मी आता बी.ए.च्या शेवटच्या वर्गात आहे, तरी चार ओळी मनाने लिहायच्या म्हटल्या की हात आखडतो. आणि मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल — एवढंसं? एवढ्याशासाठी ही तगमग? म्हणालात तर मी वाद घालणार नाही. मलाही इतकी वर्षं तेच म्हणायचं होतं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दादांना — म्हणजे वडिलांना — नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. देवाला सांगितलं आहे. पुष्कळदा. पण ते सांगणं कसलं होतं, ते पुढे येईलच.

दादा आज सकाळी गावाहून इथे औरंगाबादला आले. येताना एक खबर घेऊन आले. ती मी अगदी शेवटी लिहीन, कारण ती लिहिल्यावर माझ्याकडून पुढे काही लिहिलं जाईल असं वाटत नाही. आता ते आईसाठी लुगडं बघायला बाजारात गेले आहेत, आणि उद्याच्या गाडीने आम्ही दोघे गावी निघणार आहोत. ते परत यायच्या आत मला हे कागदावर उतरवायचं आहे. एकदा ते समोर बसले, पिशवीतल्या शेंगा पुढे करून ‘खा रं’ म्हणाले, की माझं तोंड मिटतं. तोंड मिटून घ्यायचा मला चांगला सराव आहे.

आमचं गाव बेंबळीच्या पुढे, आडरानात. ख्रिस्ती घरं गावाच्या खालच्या अंगाला. आजोबांच्या वेळी, निजामाच्या राज्यात, ख्रिस्ती झालेली. देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची, वर पत्रे टाकलेली एक खोली — आम्ही तिला देऊळच म्हणतो — आणि दारात एक कडुनिंब. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, धाराशिवला राहत. त्यांच्याकडे गावं पुष्कळ, म्हणून आमच्याकडे प्रभुभोजन वर्षातून दोन-तीनदाच व्हायचं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. येशूने आमच्यासाठी दिलेलं शरीर आणि सांडलेलं रक्त म्हणून तो घ्यायचा.

घेण्याआधी मन साफ करायचं. त्यासाठी आमच्याकडे एक रीत होती. त्या दिवशी उपासनेच्या आधी मंडळीचे — म्हणजे गावातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांचे — पंच निंबाखाली बसायचे, मधोमध पाळकसाहेब, आणि वर्षभरातली भांडणं, रुसवे, चुगल्या, चोऱ्या — सगळं तिथे निघायचं. चुकलेल्या माणसाने उभं राहून कबूल करायचं. कबूल केलं की हातात हात द्यायचा, संपलं. नाही केलं, तर त्याला भोजन बंद. म्हणजे त्याने यावं, बसावं, गाणी म्हणावी, पण ताट मात्र त्याच्यासमोरून पुढे जायचं. कबूल करेपर्यंत. मग किती का वर्षं लागेनात.

आमच्या गावात द्राक्षं कुठली? रस व्हायचा तो मनुक्यांचा. पाळकसाहेब बार्शीच्या बाजारातले मनुके कुणाच्या तरी हाती आधी पाठवून द्यायचे, आणि ते यायचे सारजामावशीकडे.

सारजामावशी आमच्या सख्ख्या नात्यातली नव्हे. शेजारची विधवा. लेक बाळंतपणात गेलेली, जावयाने दुसरं लग्न केलेलं, आणि लेकीची मुलगी मेरी मावशीजवळ. रोजंदारीने खुरपायला जायची. गावात तिला कुणी विचारत नव्हतं, पण हे एक काम मंडळीने तिला दिलं होतं, आणि त्या कामात तिचा जीव होता. शनिवारी ती उपास करायची. राखेने हात घासायची. मनुके निवडायची, धुवायची, तांब्याच्या पातेल्यात ऊन पाण्यात भिजत घालायची. रविवारी सकाळी हाताने कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायची. उरलेला चोथासुद्धा ती कोंबड्यांना पडू द्यायची नाही, निंबाच्या बुडाशी पुरायची. रसाचा घोट तिला सगळ्यांसारखाच मिळायचा, पण सबंध मनुका असा तिने कधी तोंडात टाकला नव्हता.

‘कसं लागत आसंल रं हे, शामू?’ एकदा तिने मला विचारलं होतं. ‘सुकल्याल्या बोरावानी?’

‘एक खाऊन बघा की मावशी.’

‘थोबाड फोडीन. देवाचं हाय ते.’ आणि हसली होती.

मी शामू. देवळातल्या वहीत शमुवेल.

मराठी मुलखाचं नवं राज्य झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आलो होतो. त्या प्रभुभोजनाला मला मंडळीत पूर्ण सभासद म्हणून घेणार होते, म्हणजे पहिल्यांदाच ते ताट माझ्यासमोर थांबणार होतं. आणखीही एक होतं. पास झालो तर औरंगाबादच्या वसतिगृहात जागा मिळावी म्हणून पाळकसाहेब माझी शिफारस करणार होते. खालच्या घरांतलं पहिलं पोर कॉलेजात जाणार. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. दादा सांगत नव्हते, पण त्यांनी मिशी कोरून घेतली होती.

शनिवारी दुपारी मी देऊळ झाडत होतो. मावशी मनुक्यांची वाटी घेऊन आली. पितळेची मोठी वाटी, वर फडकं. आमच्या अंगाची विहीर आटली होती, त्यामुळे पाण्याला वरच्या मळ्यात जावं लागायचं. तिथे काठावर घागर ठेवून उभं राहायचं. कुणी येऊन वरून ओतेल तेव्हा पाणी. शिवायचं नाही. कायदा झाला होता म्हणतात. त्या विहिरीपर्यंत तो आला नव्हता.

‘शामू, लेकरा, म्या पान्याला जाती,’ मावशी म्हणाली. ‘वाटीपशी बस. कावळा, मांजर, पोरंसोरं — कुनाला शिवू दिऊ नगंस.’

‘जावा मावशी. मी हाय.’

मी हाय. किती सहज म्हणालो!

तुम्हाला वाटेल, आता हा भुकेचं सांगणार. मी भुकेवर ढकलणार नाही. त्या दिवशी माझाही उपास होता, खरं आहे. पण उपाशी राहणं आमच्या घराला काही नवं नव्हतं. आणि मी लहानही नव्हतो — मिसरूड फुटलं होतं, मॅट्रिकचा पेपर इंग्रजीत लिहून आलो होतो. मग का? मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की त्या प्रश्नाची धारच गेली आहे. मला वाटतं — फडकं उचलून बघावं, एवढंच मनात आलं. मग बोटाने एक दाबून बघितला. मग बोटाला चिकटला म्हणून जिभेवर ठेवला. असा गोडवा मी आधी कधी चाखला नव्हता. गुळाचा गोडवा तोंडभर पसरतो. हा आत आत जात होता. दुसरा खाल्ला तो पहिला नीट कळावा म्हणून. तिसऱ्यानंतर काही म्हणणंच राहिलं नाही. मी वाटीत हात घालत होतो आणि दाराकडे बघत होतो. शेवटी बोटांना तळाचं पितळ लागलं, तेव्हा थांबलो.

तळाला थोडे राहिले होते. मी ते फुगीर दिसावेत म्हणून पसरले. फडकं होतं तसं ठेवलं. हात धुवायला पाणी नव्हतं, धोतराला पुसले. आणि मावशी यायच्या आत बेंबळीच्या वाटेला लागलो, पाळकसाहेबांना गाडीवरून आणायला. गाडी यायला अजून पुष्कळ अवकाश होता. तापलेल्या वाटेने मी पळत होतो, आणि पळता पळता मनात म्हणत होतो, मावशीला एवढ्यात कळणार नाही, भिजल्यावर फुगतील ते.

इथपर्यंत पोराटकीच म्हणा. इथपर्यंतचं सांगून टाकलं असतं तर कदाचित मावशीने थोबाड फोडलं असतं आणि मंडळीने साध्या गुळाच्या पाण्यावर भोजन केलं असतं.

रविवारी सकाळी पंच निंबाखाली बसले. पाळकसाहेबांनी रस आधी बघायला मागितला. पेला उजेडात धरला. आरपार दिसत होतं.

‘सारजाबाई, हे काय?’

मावशी पदर आवळून उभी राहिली. ‘सायब, वाटीत व्हते त्येवढे न्हाईत. म्या पान्यावून आली तवा तळाला ऱ्हायले व्हते. रातभर डोळा न्हाय माझा.’

आमच्या पंचांत दानिएलकाका मुख्य. आवाज मोठा, आणि एकदा सुरू झाले की थांबायचे नाहीत. ‘मंग काय देवदूत आलं व्हतं का खायाला? का मनुक्याला पाय फुटलं? वाटीपशी कोन व्हतं, सारजे?’

‘शामूला बसवून गेली व्हती म्या.’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दादांनीही. मी पांढरा सदरा घातला होता, आईने राखेच्या पाण्यात धुतलेला. पाळकसाहेब म्हणाले, ‘शमुवेल?’

माझ्या तोंडातून काय निघालं ते मला अजून शब्दनशब्द ऐकू येतं. ‘मी नव्हतोच. मावशी पाण्याला जायच्या आधीच मी बेंबळीला निघालो होतो.’ शुद्ध भाषेत. पुस्तकातल्यासारखं. ‘तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा मी कधीचा उभा होतो साहेब, तुम्हीच म्हणालात, फार लवकर आलास.’

पाळकसाहेबांनी मान हलवली. ते खरंच होतं. मी खरं सांगून खोटं बोललो होतो.

मावशीने एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी इतकी वर्षं ती नजर उलटून-पालटून बघतो आहे — तिला कळलं होतं का? मी खाल्ले हे, का फक्त मी खोटं बोललो हे? मला ठाऊक नाही. एवढं खरं की तिने पुन्हा माझं नाव घेतलं नाही. ‘आसंल,’ म्हणाली. ‘म्हातारपन हाय. चुकलं आसंल.’

आणि तिथेच ते मिटलं असतं — पाळकसाहेब म्हणत होते की जाऊ द्या, मांजराने सांडले असतील. तेव्हा मी — थांबा. आता ते येतं आहे. इथे येईपर्यंत मी आडवळणाने आलो, तुमच्या लक्षात आलंच असेल. वाटीतले मनुके खाल्ले हे सांगणं सोपं होतं. खोटं बोललो हेही, त्या मानाने, सोपं.

कुणी विचारलं नव्हतं. मी आपण होऊन म्हणालो, ‘जाताना मेरी दिसली होती देवळाच्या मागे. तिच्या तोंडात काहीतरी होतं.’

मेरी तेव्हा चार-पाच वर्षांची. आदल्या दिवशी ती मला कुठेही दिसली नव्हती.

का म्हणालो? दानिएलकाका अजून माझ्याकडे बघत होते म्हणून. फक्त त्यांची नजर दुसरीकडे जावी म्हणून. एवढ्यासाठी मी चार वर्षांचं पोरकं पोर पुढे केलं.

दानिएलकाकांनी मेरीला हाक मारली. ती आजीच्या लुगड्यामागे लपली. त्यांनी हाताला धरून बाहेर ओढलं. ‘ए पोरी, काल गोड खाल्लंस का गं?’ तिने हो म्हणून मान हलवली. ‘आजीनं दिलं का?’ मान हलवली. कुणी तिला ‘तू घोडा आहेस का’ विचारलं असतं तरी तिने मान हलवली असती; ती नुसती भ्याली होती. पण बायकांत ‘अगं बाई’ झालं. कुणीतरी हसलं. दानिएलकाका म्हणाले, ‘घ्या! देवाच्या घरचं खाऊ घातलं, आन वर पोराचं नाव.’

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, ‘सारजाबाई, कबूल करा, म्हणजे मिटलं. लेकराच्या मायेने दिले असतील. देव काही इतका कठोर नाही.’

‘न केल्यालं कसं कबूल करू, सायब?’ मावशी म्हणाली. ‘तेबी देवाच्या म्होरं?’

त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग दुसरं काही करता येत नव्हतं. रस करायचं काम तिच्याकडून काढलं, आणि तिला भोजन बंद झालं.

त्याच उपासनेत मला सभासद करून घेतलं. माझ्या डोक्यावर हात ठेवले. ताट माझ्यासमोर थांबलं. पाळकसाहेब म्हणाले होते की मन साफ नसताना जो हा घास घेतो तो आपला न्याय आपणच गिळतो. मी घास गिळला. पेला तोंडाला लावला. तो नुसता पाण्यासारखा लागला. त्यात जी गोडी नव्हती ती माझ्या पोटात होती, आणि हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. मग ताट दाराशी गेलं, आणि दाराशी मावशी बसली होती. तिने पदर पुढे ओढून घेतला.

शिफारस झाली. मी पास झालो. औरंगाबादला आलो.

इथे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी बाजू मांडल्यासारखं होईल अशी भीती वाटते. पहिल्या वर्षी मला सारखं वाटायचं की आता शिक्षा होईल — नापास होईन, आजारी पडेन, आईचं काहीतरी होईल. झालं नाही काही. ते न होणं जास्त भयंकर होतं. मी प्रार्थनेत कबूल करू लागलो. गुडघे टेकून, रडून. उठलो की हलकं वाटायचं. शास्त्रात क्षमा फुकट मिळते असं सांगितलं आहे, आणि मी ती फुकट घेत होतो, दर आठवड्याला, पुन्हा पुन्हा. एकदा आमच्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मला साक्ष द्यायला उभं केलं. मी म्हणालो, मी महापापी होतो, प्रभूने मला उचललं. लोकांनी डोळे पुसले. एका मित्राने नंतर मला मिठी मारली आणि म्हणाला, तू किती धीट आहेस! त्या रविवारी मला जेवण गेलं नाही. मी महापापी होतो म्हणालो. मी मेरीचं नाव घेतलं नव्हतं.

सुट्टीत गावी गेलो की मावशी दाराशी बसलेली असायची. पोरं मेरीला ‘मनुकी’ म्हणायची. ‘ए मनुकी, वाटी चाट!’ ती खेळात घेतली जायची नाही. एखाद्या घरातलं काही हरवलं की आधी तिच्या परकराचा ओचा बघायचे. आणि मावशी मला म्हणायची, ‘आलास व्हय शामू? वाळलास रं.’ तिच्या हाताकडे बघून मी बोलायचो, तोंडाकडे नाही.

मला वाटायचं तारण म्हणजे आपलं ओझं उतरणं. ते उतरून कुठे गेलं, हे मी कधी विचारलंच नाही. ते काही हवेत गेलं नव्हतं. ते गावात दाराशी बसलेल्या एका बाईच्या डोक्यावर होतं, आणि तिच्या नातीच्या.

मागच्या पावसाळ्यात इथल्या देवळात प्रभुभोजन होतं. ताट आलं, आणि माझा हात उचलला गेला नाही. मी ते पुढे जाऊ दिलं. शेजारच्याने वळून पाहिलं. पुढच्या बाकावरच्यानेही. तेवढ्या क्षणात माझे कान तापले, मान वर होईना. आणि मनात आलं — मावशी हे दर वेळी सोसते. उठून जात नाही. पुन्हा येते. का येते? मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा मला पाप म्हणजे काय ते कळलं. आणि विचित्र सांगतो — त्याच क्षणी, पहिल्यांदाच, कुणीतरी माझ्याजवळ उभं आहे असंही वाटलं. हलकं वाटलं नाही. उलट पाय जड झाले. पण आता चालत जायचं कुठे ते कळलं होतं. निंबाखाली.

गावाकडच्या प्रभुभोजनाचा रविवार ठरला होता. मी घरी निरोप धाडला की येतो, पाळकसाहेबांशी बोलायचं आहे. आदल्या दिवशी पिशवी भरून स्टँडवर गेलो. गाडी लागली. लोक चढले. कंडक्टरने माझ्याकडे बघून विचारलं, ‘पावनं, यायचं हाय का नुसतं बघायचं हाय?’ मी म्हणालो, ‘दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतोय.’ गाडी गेली. मी पिशवी घेऊन परत आलो. परीक्षा जवळ आली आहे, पुढच्या आठवड्यात येतो, असं कळवून टाकलं.

तो म्हणजे हा गेला रविवार. मी गाडीत चढलो असतो तर काय झालं असतं — हा विचार आज सकाळपासून माझ्या डोक्यात घण घालतो आहे. उद्या मी जाणार आहे. पंच बसले नसतील तर बसवायला सांगेन. पण आता मी खरं बोललो की पाळकसाहेब विचारतील, मग देवासमोर खोटं कोण बोललं? आणि मला त्याचं उत्तर द्यावं लागेल. काय देऊ? ठाऊक नाही. तरी जाणार आहे. वाटेत, गाडीतच, दादांना सांगणार आहे.

आता खबर. दादांनी ती खुशीत सांगितली, पायातल्या चपला काढता काढता, जशी घरची गोष्ट सांगावी तशी. त्यांच्याच शब्दांत लिहितो.

‘आरं, सारजाचं सुटलं एकदाचं! गेल्या आयतवारी पंच बसले व्हते. पाळकसायब म्हनले, मेरी शाळंत हुशार हाय, तिला मिशनच्या बोर्डिंगात धाडू. तर दानिएल म्हनला, सायब, मनुकी म्हून नाव हाय त्या पोरीचं, चोरटी पोरगी धाडून मंडळीची इज्जत घालवता का? पोरगी तिथंच उभी, खाली मान घालून. तवा म्हातारी उठली. काठी टेकत निंबाखाली आली. म्हनली, पोरीनं न्हाय खाल्ले. म्या खाल्ले. पोरीचं नाव काढा त्याच्यातनं.’

दादा हसत होते.

‘इतकी वर्सं न्हाय न्हाय करत ऱ्हायली, आन आता बग! दानिएल का गप बसतोय? म्हनला, गोड व्हते का गं सारजे? म्हातारी जराशी थांबली. मंग म्हनली, व्हय, लई गोड व्हते. समदी हसली बग. पाळकसायबानं तिथंच तिच्या हातात हात दिला. परभूभोजन दिलं तिला. लई रडली घास घेताना. बरं झालं म्हन. पोरीचंबी बोर्डिंगचं ठरलं.’

मग दादांनी चपला भिंतीशी नीट लावून ठेवल्या, आणि त्यांचं हसू जरा कमी झालं.

‘फकस्त पोरगी बोलत न्हाय आजीसंगं. म्हनती, तू खाल्लंस आन इतकी वर्सं मला मनुकी म्हनू दिलंस. म्हातारीनं भरल्यालं पानीसुदीक पीत न्हाय. सोताच घागर घेऊन जाती वरल्या मळ्यात.’